मधलं पेडल

एक

दसऱ्याची सकाळ होती. दारोदारी झेंडूची तोरणं लागली होती, आणि अमरावतीच्या कँपातल्या मोरोपंत वकिलांच्या आवारातून मात्र रडण्याचा आवाज येत होता.

डॉक्टर चारुशीलाबाई धावतच आल्या. पण मोटारखान्याच्या दगडी भिंतीपाशी निजवलेल्या मोरोपंतांना आता कुणाची घाई उरली नव्हती. छातीची एक बाजू आत दबली होती. कपाळावरचं गंध तेवढं जसंच्या तसं होतं. पूजेतून उठलेला माणूस जरा आडवा झाला आहे, हाक मारली तर 'ओ' देईल, असं वाटावं.

"पाणी मागितलं," मोरोपंतांची विधवा बहीण गोदाबाई म्हणाली, "नत्थुजीच्या कानाशी दोन शब्द बोलला, अन् गेला."

भिंतीला पाठ टेकून जुनी मोटार उभी होती. वकिलांकडे एकाच कंपनीच्या दोन गाड्या होत्या. नवी गेल्या वर्षी आली होती. तिच्या पोटात दातेरी चाकं, आणि ती बदलायला हाताशी गिअरचा दांडा. जुनीला दांडाच नव्हता. तिचा सगळा कारभार पायाखालच्या तीन पेडलांवर चाले, आणि रॉकेलच्या चुलीसारखी ती ज्याच्या हातची त्यालाच ऐके. चारुशीलाबाईंकडेही अशीच एक जुनी गाडी होती. तीच घेऊन त्या भातकुलीपर्यंत बाळंतपणं करायला जात. त्यामुळे ही गाडी त्यांना घरच्या गाईसारखी ओळखीची.

आज तिच्या कपाळावर हळदकुंकू होतं, गळ्यात माळ होती. आणि तिनं मालकाला भिंतीशी चिरडलं होतं.

ड्रायव्हर नत्थुजी तुळशीपाशी उकिडवा बसला होता. उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवलेला.

"माह्या पायानं घात केला, बाई," तो म्हणाला. "मालक मांगं उभे होते. माहा पाय चुकला."

"हात दाखवा."

"हाताले काही नाई झालं."

त्यांनी सोगा बाजूला केला. मनगट सुजून वर उचललं गेलं होतं, हाड सरकलेलं. असं मनगट त्यांनी याआधीही पाहिलं होतं. कुठं, तेही त्यांना आठवलं.

"हे कसं झालं?"

"मालकाले ओढता ओढता."

चारुशीलाबाईंनी बांबूच्या कामट्या लावून मनगट बांधलं. गाठ मारत असतानाच मागून ठाणेदार खुशालरावांचा आवाज आला.

"पाय चुकला म्हणतो! बारा वर्षं हीच गाडी चालवून राहिला हा माणूस. बारा वर्षं न चुकलेला पाय आजच चुकला, अन् मालक मागं उभा असतानाच चुकला? बाई, याला अपघात नाही म्हणत. याला खून म्हणतात."

दोन

खुशालराव वाईट माणूस नव्हता. त्याला सरळ रेघ आवडे, एवढंच.

"कारण ऐका," तो म्हणाला. "वकीलसाहेब दसऱ्यानंतर ही गाडी विकणार होते. नवी गाडी मुलगा स्वतः चालवतो. मग नत्थुजीची गरज काय? परवा बाजारात हा रडला, चार लोकांनी ऐकलं. 'गाडी गेली त म्या कोनाच्या दारात उभा राहू?' आता अजून काय पाहिजे?"

"अजून गाडी पाहिजे," चारुशीलाबाई म्हणाल्या. "ती तर पाहू द्या."

मोटारखान्याच्या पुढं पत्र्याच्या छपराखाली रांगोळी काढलेली होती. पूजेच्या गाडीच्या चारी चाकांपुढं लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा आणि गाडी चाकाचा एक फेरा पुढं घेऊन लिंबं चिरडायची, अशी या घरची रीत. चारही लिंबं चिरडली होती. त्यांचा आंबट वास झेंडूच्या वासात मिसळला होता.

"लिंबं चिरडली आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे गाडी आधी पुढं गेली. मग मागं आली. ज्याला मारायचंच आहे तो सरळ मागं येईल. पुढं कशाला जाईल?"

"पूजा उरकू दिली अन् मग मारलं. देवधर्म खुन्यालाही असतो, बाई."

त्या वाकून रांगोळीकडं पाहत राहिल्या. दोन्ही चाकं रांगोळीच्या कडेकडेनं गेली होती. मधलं कमळ बरंचसं शाबूत होतं, आणि त्या कमळात भेगाळलेल्या टाचांच्या दोन रुंद अनवाणी पावलांचे ठसे होते. फाकवून, जोर देऊन उभं राहिलेली पावलं. त्यातलं एक जागच्या जागी गर्रकन फिरलेलं.

"ही नत्थुजीचीच," खुशालराव म्हणाला. "हँडल मारायला उभा राहिला असेल. या गाडीला हँडल मारून मग वर चढून बसतात. तुम्हाला काय सांगायचं, तुमची तशीच आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "तशीच आहे."

मग त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. तिन्ही पेडलं काळी, झिजलेली. मधल्यावर रांगोळीच्या पिठाचा पांढरा डाग होता. हे मधलं पेडल गाडी मागं नेतं. डाग कसला, तो नीट पाहता यावा म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

पाच बोटं उमटली होती. लहान, नाजूक, एकमेकांना चिकटून असलेली पाच बोटं.

पदराचं टोक हातात आलं होतं, पुसून टाकणं सोपं होतं. त्यांनी पुसलं नाही. नुसता चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

तीन

मोरोपंतांची ती एक सवय साऱ्या कँपाला ठाऊक होती. गाडी निघायच्या आधी ते मागं जात आणि पोळ्याच्या बैलाला देतात तशी तिच्या पाठीवर थाप देत. कोर्टातले वकील हसत. ते म्हणत, "अरे, जी आपल्याला वाहून नेते तिला विचारून निघावं." आज तर जुनीचा शेवटचा दसरा होता. ते मागं उभे राहणारच होते, आणि घरातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

नत्थुजीला कोठडीत टाकलं गेलं, आणि सुतक चालू असतानाच चारुशीलाबाई पुन्हा त्या घरी गेल्या. गोदाबाई ओसरीवर बसली होती. डोळे कोरडे. बायकांचं रडणं आटतं तेव्हा चेहरा नदीच्या रेतीसारखा होतो, तसा झालेला.

"सिंधू कुठं आहे?" त्यांनी विचारलं. सिंधू म्हणजे मोरोपंतांची धाकटी लेक, इंग्रजी शाळेत शेवटच्या वर्गात. तिची आई गेली तेव्हा उशाशी चारुशीलाबाईच होत्या.

"अकोल्याला. मामाकडे पाठवली."

"सुतकात?"

गोदाबाईनं मान फिरवली.

"गोदाताई, बापाचे दिवस व्हायचे आहेत. सुतकातल्या मुलीला दुसऱ्याच्या घरी पाठवायची रीत तुमच्या घरात कधीपासून आली? दारातून वाणीसुद्धा आत येत नाही या दिवसांत."

"पोर घाबरली होती. बोलत नव्हती. बोलतच नाही अजून." गोदाबाई पुन्हा समोर वळली. "तुम्ही डॉक्टर आहात, गेल्याचं सर्टिफिकेट दिलंत, झालं. राहिलेल्यांना कशाला तपासता?"

"त्या वेळी तुम्ही कुठं होतात?"

"माजघरात."

"माजघराच्या खिडकीतून मोटारखाना दिसतो."

गोदाबाई उठली. आत जाता जाता उंबऱ्यावर थबकली आणि पाठमोरीच म्हणाली, "दिसतो. पण काही दिसणं असं असतं, बाई, की डोळे फुटलेले बरे."

चार

मोरोपंतांचा मुलगा हेमचंद्र मागच्या अंगणात नव्या गाडीपाशी उभा होता. डोकं भादरलेलं. गाडीवर चादर टाकलेली.

"नत्थुजीनं मारलं असं तुला वाटतं?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"मी आपट्याची पानं आणायला आत गेलो होतो. आवाज झाला म्हणून आलो. नत्थुजी गाडीत होता, पुढं ओणवा होऊन हातानं काहीतरी खटपट करत होता. मी जे पाहिलं ते ठाणेदाराला सांगितलं." तो थांबला. "तुम्ही मला विचारता आहात, म्हणजे संशय माझ्यावरही आहे का? जुनी विका म्हणून मीच मागं लागलो होतो. बाबा जुनीला चिकटले होते. बोलाचाली व्हायची. लोकांनी तेही सांगितलं असेल."

"सांगितलं."

"मग?"

"तू बसवतोस का मला नव्या गाडीत? मी कधी चालवली नाही ही."

त्याला ते चमत्कारिक वाटलं, पण त्यानं चादर काढली. त्या स्टिअरिंगच्या चाकामागं बसल्या. पायाखाली इथंही तीनच पेडलं होती.

"डावं क्लच," तो म्हणाला. "मधलं ब्रेक. उजवं छोटं, ते वेगाचं. गाडी थांबवायची असली की मधलं दाबायचं. सोपं आहे. भातकुलीच्या रस्त्यावर आम्ही एका आठवड्यात..."

तो काढलेल्या चादरीची घडी घालू लागला.

"आम्ही कोण, हेमू?"

"मी अन् मित्र."

"मित्राला तर स्वतःची गाडी असेल, नाहीतर ड्रायव्हर. एका आठवड्यात कुणाला शिकवलंस?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाबांना माहीत होतं. तेच म्हणाले, पोरीनं चाक फिरवलं म्हणून काय आभाळ कोसळतं? लोकांना कळू नये म्हणून भातकुलीकडं जात होतो, एवढंच. त्याचा इथं काय संबंध?"

त्याला खरंच समजलं नव्हतं. चारुशीलाबाईंनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ओळखलं, या घरात याला एकट्यालाच काही माहीत नाही.

त्यांनी आपला पाय मधल्या पेडलावर ठेवला. तोच पाय, तीच जागा, त्याच कंपनीची गाडी.

पाच

कोतवालीच्या मागच्या गल्लीत नत्थुजीची बायको जमुना दळत होती. दारात पोचण्याआधीच ओवी कानावर आली:

दळण दळते मी गं, पीठ पडे भुरूभुरू
दुसऱ्याचं ओझं धनी, नको खांद्यावर धरू

जातं थांबलं. "या, बाई," जमुना म्हणाली. "तुमी इचाराले आल्या का सांगाले?"

"विचारायला. नत्थुजी काय बोलले तुझ्याशी?"

"काही नाई बोलत. मी म्हनलं, काहून खोटं बोलून राहिले तुमी? त म्हन्ते, गप राह्य. त्याले ते पोरगी दिसते, मी नाई दिसत?" तिनं पदर तोंडात धरला. पोरगी हा शब्द तोंडून निघून गेला होता, आता तो परत घेता येत नव्हता.

चारुशीलाबाई तिला घेऊनच कोतवालीत गेल्या. खुशालरावानं कोठडीचं दार उघडून दिलं आणि स्वतः बाहेर विडी ओढत उभा राहिला.

"मनगट दुखतं?"

"नाई, बाई."

"नत्थुजी, मी नागपूरला शिकत होते तेव्हा असलं मनगट घेऊन ड्रायव्हर यायचे. नुसते ड्रायव्हर. माणूस ओढून हाड असं मोडत नाही. हँडल उलटं फिरून लाथ मारतं, तेव्हा असं मोडतं."

नत्थुजी भिंतीकडं पाहत राहिला.

"हँडल लाथ कधी मारतं, ते मला माझ्या गाडीनं शिकवलंय. स्टिअरिंगखालची, ठिणगीची वेळ ठरवणारी डावी काडी वर नसली की. तुम्ही ती काडी वर केल्याशिवाय खाली उतरत नाही. बारा वर्षांत एकदाही तुमचा हात मोडला नाही. मग दसऱ्याला काडी खाली कुणी आणली? गाडीत आधीच कुणीतरी बसलं होतं. त्याच्या हाताचा धक्का लागला. तुम्ही पुढं होता, रांगोळीत. तुमचं पाऊल फिरलंय तिथं, लाथ बसली तेव्हा."

"डाव्या हातानं हँडल मारलं मंग," नत्थुजी हळूच म्हणाला. "दसऱ्याले गाडी सुरू केल्याबगर सोडत नाईत. अपशकुन होते."

त्याचं त्यालाच कळलं की आपण काय कबूल केलं.

"इंजिन सुरू झालं," चारुशीलाबाई म्हणाल्या. "तुम्ही मनगट धरून बाजूला झालात. गाडी पुढं निघाली, लिंबांवरून गेली. आता थांबवायची. आपल्या गाडीत उजवं पेडल थांबवतं. पण नव्या गाडीत उजवं वेगाचं असतं. नव्या गाडीवर शिकलेला माणूस घाबरला की उजव्यापासून पाय दूर ठेवील. डावं सोडून मधल्यावर जाईल, कारण त्याचा ब्रेक मधे असतो. तुमचा पाय मधल्यावर चुकून जाणारच नाही. हेमू आत होता. गोदाताई खिडकीत. उरलं कोण?"

"म्या सांगतलं होतं तिले!" नत्थुजी एकदम ओरडला, आणि मग आवाज बसला. "सांगतलं होतं, बाई. ताई, डावा पाय दाबा, चालते. उजवा दाबा, थांबते. मधल्याले हातबोट लावू नका. मान हालवली तिनं. मालकच म्हन्ले होते, जुनीचा शेवटचा दसरा, माही लेक लिंबं चिरडन."

"सांगणं कानाला असतं, नत्थुजी. सवय पायाला."

"थे दाबत होती थांबाव म्हनून. जेवढी गाडी मांगं येये तेवढी जोरानं दाबे. 'थांबत नाई, काका, थांबत नाई' म्हने. म्या एका हातानं चढलो, तिले पल्याडच्या अंगानं खाली ढकललं, इंजिन बंद केलं..." तो लहान मुलासारखा रडू लागला. "मालकानं माहा हाच हात धरला. म्हन्ले, नत्थुजी, सिंधूले कळू देऊ नको. तिच्या पायानं झालं, हे तिले कदीच कळू नको देऊ. मी जबान देली. तिले वाटते, जुन्या गाडीचा ब्रेक गेला. वाटू द्या, बाई."

"आणि तुम्ही फासावर जाल?"

"म्या काय, पिकलं पान. पोरीले सारा जनम काढाचा आहे. बापाले आपल्या पायानं मारलं, असं घेऊन कसा काढन थे?"

गजांबाहेरून जमुना म्हणाली, "अन् मी कसा काढू?"

बाहेर खुशालरावाची विडी विझली होती, पण तो ती ओढतच होता. सगळं त्यानं ऐकलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "मी ऐकलं. पण कोर्टात याला काय किंमत? हा म्हणतो मी केलं. बहीण बोलणार नाही. मुलानं यालाच गाडीत पाहिलं. ती मुलगी स्वतः बोलल्याशिवाय हा सुटत नाही. अन् ती बोलायची तर तिला आधी कळायला पाहिजे, की तिनं काय केलं."

सहा

चारुशीलाबाईंनी आपली जुनी गाडी काढली आणि अकोल्याची वाट धरली. दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीवर कापूस फुटला होता, पांढरा, जसं कुणी शेताला सुतक पाळायला लावलं आहे. मूर्तिजापूरला फाटकाशी थांबावं लागलं. अरुंद रुळांची छोटी आगगाडी कापसाच्या गठाणी घेऊन दमत दमत गेली. त्या तेवढ्या वेळात त्यांनी दोन वाक्यं जुळवली. एक खरं, एक खोटं. फाटक उघडलं तेव्हा दोन्ही विसरल्या होत्या.

सिंधूच्या मामांचं घर स्टेशनापलीकडं होतं. परसात कडुलिंबाच्या सावलीत सिंधू बसली होती. मामी कानात म्हणाली, "एक शब्द नाही अजून. जेवण ठेवलं की जेवते, उचललं की बघत राहते."

चारुशीलाबाईंनी गाडी परसापर्यंत आणली होती. इंजिन चालूच ठेवलं होतं. आज त्यांच्यानं ते बंद करवत नव्हतं. सिंधूनं आवाज ऐकला. उठली. गाडीजवळ आली, पुढून नाही, मागून. गाडीच्या पाठीवर तिनं तळहात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

मग तिचा आवाज आला, गंजलेल्या कडीसारखा.

"ही थांबते?"

"थांबते, बाळ."

"आमची थांबली नाही." ती पुढं आली. "मी ब्रेक दाबला होता, डॉक्टरीणबाई. खूप दाबला होता. आत्या म्हणते, गाडी म्हातारी होती, ब्रेक गेला. गेला होता ना?"

एवढंच तर हवं होतं. 'हो, गेला होता.' तीन शब्द. मोरोपंतांनी मरताना मागितलेले, नत्थुजीनं मानेवर घेतलेले, गोदाबाईनं दातांखाली दाबलेले. चारुशीलाबाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना जमुनेचं जातं ऐकू आलं.

त्यांना हो म्हणवेना. नाहीही म्हणवेना.

सिंधू त्यांच्याकडं पाहत होती. मुली वकिलाच्या घरात वाढल्या की साक्षीदाराचं गप्प बसणं ओळखतात.

"सरका," ती म्हणाली.

"सिंधू, नको."

"मला बघू द्या."

ती गाडीत चढून स्टिअरिंगपाशी बसली. चारुशीलाबाईंनी मामीला बाजूला केलं, गाडीच्या मागं कुणी नाही हे पाहिलं आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. सिंधूनं डोळे मिटले. तिचा अनवाणी पाय आपोआप उचलला, आपोआप मधे गेला आणि हळूच टेकला.

गाडी मागं सरकली. फार नाही, तुळशीच्या एका आळ्याएवढी.

तिनं पाय काढला. डोळे उघडून खाली पाहिलं, कुणाच्या तरी दुसऱ्याच्या पायाकडं पाहावं तसं. कडुलिंबाची पिवळी पानं टपावर पडत होती, तो आवाजसुद्धा ऐकू येत होता. मामी रडायला लागली. सिंधू रडली नाही.

ती म्हणाली, "नत्थुजीकाकांनी सांगितलं होतं. मधल्याला लावू नका म्हणून." आणि मग, "काका कुठं आहेत?"

तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. चारुशीलाबाईंनी सांगितलं.

सिंधू खाली उतरली, आत गेली. आता ती दार लावून घेईल, असं त्यांना वाटलं. ती पायांत चपला घालून आली.

"चला," ती म्हणाली.

सात

कोतवालीत तिनं सगळं उभ्यानं सांगितलं. खुशालरावानं बसायला दिलेली खुर्ची रिकामीच राहिली. त्यानं तिला नव्या गाडीपाशी नेलं नाही, जुनीपाशी नेलं नाही. मधल्या पेडलावरची पाच बोटं त्यानं पंचनाम्याच्या दिवशीच पाहिली होती, आणि घरच्या कुणाची तरी पूजेतली असतील म्हणून सोडून दिली होती. हे त्यानं स्वतःहून सांगितलं. मग म्हणाला, "पोरी, हा अपघात आहे. तसंच लिहिणार मी. कायदा इथं संपतो. पुढचं माझ्या हातात नाही."

कोठडीचं दार उघडलं. नत्थुजीनं सिंधूला पाहिलं आणि तो बाहेर येण्याऐवजी मागं सरकला.

"काहून आल्या, ताई? कोनं सांगतलं तुमाले? म्या मालकाले जबान देली होती!"

"तुम्ही दिली होती, काका," सिंधू म्हणाली. "मी नव्हती दिली."

तो तिच्याकडं बघत राहिला.

"बाबांनी मला वाचवायला सांगितलं, ते त्यांचं बरोबर होतं. तुम्ही ऐकलं, तेही बरोबर. पण माझ्या पायाचं ओझं तुमच्या मानेवर... ते मला कळल्यावर मी काय केलं असतं? आज ना उद्या कळलंच असतं. कुठली तरी जुनी गाडी, कुठलं तरी मधलं पेडल." इथं मात्र तिचा बांध फुटला. "मी खूप दाबलं, काका. थांबावी म्हणून दाबलं."

"मले माहीत आहे, बाई माही," नत्थुजी म्हणाला. "मी पाह्यलं. मी पाह्यलं ना."

त्यानं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. उजवा अजून कामट्यांत होता.

बाहेर जमुना उभी होती. तिनं नवऱ्याला आधी नाही, सिंधूला जवळ घेतलं. सगळ्यांत जास्त नवल तिचं तिलाच वाटलं.

जुनी गाडी विकली गेली नाही. हेमचंद्रानंच तो विषय बंद केला. बापाला मारणाऱ्या गाडीला घरात ठेवता म्हणून नातेवाइकांनी बोल लावले, गोदाबाई पुष्कळ दिवस मोटारखान्याकडं पाठ करून बसली. नत्थुजीचं मनगट वाकडंच जुळलं, हँडल त्याच्यानं होईना. मग हँडल तो सांगे आणि सिंधू मारी. काडी वर केली का, ते आधी दोनदा बघून.

दुसऱ्या दसऱ्याला लिंबं ठेवावीत की नाही, यावर घरात कुणी काही बोललं नाही. सिंधूनं रांगोळी काढली. लिंबं नत्थुजीनं मांडली. सगळे ओसरीवर उभे होते. सिंधू लगेच स्टिअरिंगपाशी जाऊन बसली नाही. आधी ती गाडीला वळसा घालून मागं गेली, दगडी भिंत आणि गाडी यांच्या मधल्या त्या अरुंद जागेत, आणि पाठीवर जिथं रंग झिजून लोखंड दिसत होतं तिथं तिनं हात ठेवला. नंतरही ती गाडी काढायच्या आधी नेहमी तसंच करी. लोकांना वाटे, मागं कुणी नाही ना, ते बघते.

जमुनेच्या जात्यावर त्या वर्षी एक नवी ओवी आली. कुणासाठी, ते तिनं कधी सांगितलं नाही.

बाप गेला बाई, गेली पाठीवरची थाप
माझ्या तळहाताखाली त्याच्या तळहाताचं माप